छातीवरचा बायसन

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मैदान येते, ध्यानचंद येतात, खडकीच्या गल्लीतून ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेले धनराज पिल्ले येतात. आज मी ज्या हॉकीविषयी बोलणार आहे, ती वेगळी. ती बर्फावर खेळतात, पायात धारदार पात्यांचे बूट घालून. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती असते. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात नुसते ‘हॉकी’ म्हटले तर लोकांना हीच कळते. पण आजचा विषय खेळाचा नाही, खेळाडूंच्या अंगावरच्या कपड्याचा आहे. त्या कपड्यावर छातीच्या मधोमध शिवलेले चिन्ह कोणाचे, मालकाचे की बघणाऱ्यांचे, हा माझा प्रश्न. आणि ते चिन्ह आवडले नाही म्हणून एखादा चाहता कागद-पेन्सिल घेऊन नवे काढायला बसतो, तेव्हा तो नेमके काय करत असतो, हेही बघायचे आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. बर्फावरच्या हॉकीत खेळाडूच्या जर्सीला जुनी मंडळी अजूनही ‘स्वेटर’ म्हणतात. कारण सरळ आहे. सुरुवातीची वस्त्रे खरोखरच लोकरीची, विणलेली असत. उघड्यावर गोठलेल्या तळ्यात खेळायचे तर दुसरे काय घालणार? लोकर गेली, कृत्रिम धागा आला, खेळ बंदिस्त सभागृहात गेला, पण शब्द राहिला. या खेळात खेळाडूंचे चेहरे लांबून ओळखू येत नाहीत. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या आणि पळण्याचा वेग असा, की नजर ठरत नाही. मग प्रेक्षक ओळखतो कशाला? रंगाला, पट्ट्यांना आणि छातीवरच्या चिन्हाला.

ही चिन्हे जन्माला कशी आली, हे बघितले तर मोठी गंमत वाटते. माँट्रियलचा कॅनेडियन्स हा संघ १९०९ सालचा, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक संघटनेपेक्षा आठ वर्षांनी मोठा. संघटना स्थापन झाली १९१७ मध्ये. या संघाच्या लाल जर्सीवर मोठा ‘सी’ आणि त्याच्या पोटात छोटा ‘एच’ असतो. पुष्कळांची समजूत अशी, की हा एच ‘हॅबिटंट’ म्हणजे क्विबेकच्या जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांचा. त्यावरूनच संघाला लाडाने ‘हॅब्ज’ म्हणतात. वास्तविक तो एच साध्या हॉकीचा आहे, फ्रेंच नावातल्या ‘क्लब द हॉकी’मधला. तरी लोकांनी आपला अर्थ त्यात ओतला आणि तो टिकला. चिन्हाचा अर्थ काढणाऱ्याच्या हातात राहत नाही, याचे हे पहिले उदाहरण.

डेट्रॉइटच्या संघाचे चिन्ह म्हणजे पंख फुटलेले चाक. १९३२ मध्ये जेम्स नॉरिस या धान्याच्या व्यापाऱ्याने तो संघ विकत घेतला. माँट्रियलच्या एका जुन्या क्रीडामंडळाचे पंखांचे चाक त्याच्या मनात होते. १८९३ मध्ये पहिलाच स्टॅनले चषक जिंकणारे मंडळ ते हेच. मोटारींच्या गावाला चाक शोभतेही, म्हणून त्याने ते उचलले. टोरांटोचे तर त्याहून सोपे. १९२७ मध्ये कॉन स्माइथने सेंट पॅट्रिक्स नावाचा हिरव्या रंगाचा संघ घेतला, त्याला मेपलच्या पानाचे नाव दिले आणि हिरव्याचा निळा केला. पहिल्या महायुद्धातल्या कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यांवर हेच पान होते आणि स्माइथ त्या युद्धात लढला होता. तेव्हा ना बाजाराची पाहणी झाली, ना सल्लागार नेमले गेले. मालकाच्या मनात आले, शिंप्याने शिवले आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते अंगावर वागवले.

किती अंगावर वागवले, ते सांगणारी एक कथा कॅनडात घरोघर माहीत आहे. रॉक कॅरिए यांची ‘द हॉकी स्वेटर’. क्विबेकमधल्या एका खेड्यात सगळी मुले माँट्रियलची लाल जर्सी घालून खेळतात. एका मुलाची जर्सी फाटते. आई टपालाने नवी मागवते आणि दुकानातून चुकून टोरांटोची निळी जर्सी येते. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून आई ती परत पाठवायला तयार नाही. पोराला भर मैदानात शत्रूचे कपडे घालून उभे राहावे लागते. एवढीशी कथा. पण फ्रेंच आणि इंग्रजी भाषकांमधला सगळा सल त्या एका कपड्यात मावला आहे. २००२ साली कॅनडाने काढलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर या कथेतल्या ओळी छापल्या होत्या. एका जर्सीच्या गोष्टीला चलनी नोटेवर जागा मिळावी, यावरून त्या समाजात या कपड्याचे वजन किती, ते कळते.

आता थोडे माझ्याविषयी. मी पेशाने उपयोजित चित्रकार. औषधांची खोकी, बिस्किटांचे पुडे, सहकारी बँकांची बोधचिन्हे यांत उमेद खर्ची घातली. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे अमेरिकेतल्या बफेलो या गावी राहिलो आणि तिथे या खेळाचा नाद लागला. खेळातले बारकावे मला आजही फारसे कळत नाहीत. पण माझी नजर पहिल्या दिवसापासून जर्सीवर. हा धंद्याचा दोष म्हणा. बफेलोत असताना आणि नंतर इथे परत आल्यावरही मी तिथल्या संघाची चिन्हे आणि जर्सी कागदावर पुन्हा पुन्हा काढून पाहिल्या आहेत. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. असा उद्योग करणारे हजारो लोक उत्तर अमेरिकेत आहेत, हे मला नंतर कळले. कोणी शाळकरी पोर, कोणी निवृत्त मास्तर. घरोघरी संगणक आल्यावर तर हा छंद फारच फोफावला.

हा उद्योग दिसतो तितका सोपा नाही. जर्सी म्हणजे कोरा कागद नव्हे. पाठीवरचा आकडा निदान दहा इंच उंच हवा, असा नियमच आहे. छातीच्या डाव्या बाजूला कर्णधाराचे ‘सी’ हे अक्षर येते, त्यामुळे चिन्ह कितीही मोठे करावेसे वाटले तरी ती जागा सोडावी लागते. चिन्ह छापलेले नसते, कापडाचे थरावर थर ठेवून शिवलेले असते. कागदावर एक जास्तीची बाह्यरेषा काढायला काही लागत नाही. जर्सीवर मात्र ती कापडाचा आणखी एक थर होऊन बसते आणि छातीवर पत्रा लावल्यासारखे दिसते. त्यात खेळाडू सदा वाकलेला, त्यामुळे नाजूक रेषा घडीत गडप होतात. वरच्या स्वस्त तिकिटाच्या रांगेतून जे ओळखू येईल तेच खरे चिन्ह. आमच्या धंद्यात एक जुनी कसोटी आहे. चिन्ह एकाच रंगात, पोस्टाच्या तिकिटाएवढे छापून बघायचे. तिथे टिकले तर टिकले. हॉकीला ही कसोटी तंतोतंत लागू पडते.

पाठीवर खेळाडूचे नाव घालण्याचीही कथा आहे. १९७७ मध्ये संघटनेने ते सक्तीचे केले. टोरांटोचे मालक हॅरॉल्ड बॅलार्ड यांना ते मान्य नव्हते. पाठीवर नावे आली तर खेळाडूंची माहिती देणारी पुस्तिका कोण विकत घेणार? दंडाची धमकी आल्यावर त्यांनी १९७८ मध्ये नावे घातली खरी, पण निळ्या जर्सीवर त्याच निळ्या रंगात! नियम पाळला आणि वाचता मात्र कोणाला आले नाही. हा वात्रटपणा फार काळ चालला नाही, पण तो एक गोष्ट सांगून जातो. जर्सीवर काय दिसावे आणि काय दिसू नये, यामागे हिशेब येऊ लागला होता.

हा हिशेब सत्तरच्या दशकानंतर वाढत गेला. १९७८ मध्ये व्हँकुव्हरच्या संघाने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संकल्पन संस्थेकडून नवी जर्सी करून घेतली. आधीचे निळा आणि हिरवा हे रंग फार शांत, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला धडकी भरेल असे काळा, पिवळा आणि नारिंगी हे रंग घ्यावेत, असा सल्ला मिळाला. छातीवर गळ्यापासून पोटापर्यंत उतरणारा भला मोठा ‘व्ही’. लोक हसले. गंमत अशी, की हीच जर्सी घालून तो संघ १९८२ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. पुढे १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे शार्क हे चिन्ह आणि निळसर हिरवा रंग घेऊन नवा संघ आला. १९९२-९३ च्या मोसमात हा संघ तब्बल ७१ सामने हरला. तरीही त्याच्या टोप्या आणि जर्सी देशभर धडाधड खपत होत्या. इतर मालकांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. जिंकणे आपल्या हातात नसेल, कपडे बदलणे तर आहे.

१९९५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या संघाने हेच केले. या संघाचे मूळ चिन्ह साधे, बेटाचा नकाशा आणि त्यावर संघाच्या नावाची अक्षरे. पण तेच चिन्ह छातीवर घेऊन १९८० ते १९८३ असा ओळीने चार वेळा स्टॅनले चषक जिंकलेला. ते काढून त्यांनी दाढीवाला, रेनकोट घातलेला, हातात हॉकीची काठी धरलेला एक कोळी आणला. तो नेमका दिसत होता गोठवलेले मासे विकणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीच्या वेष्टनावरच्या कोळ्यासारखा. झाले! प्रतिस्पर्धी रेंजर्सचे प्रेक्षक सभागृहात एका सुरात मासळीच्या तळलेल्या कांड्या मागू लागले. स्वतःच्या संघाचे चाहतेही खवळले. वर्ष पुरे होण्याआधीच जुने चिन्ह परत आणण्याची घोषणा करावी लागली आणि १९९७ पर्यंत कोळी बुवांची गच्छंती झाली.

त्याच १९९७ मध्ये कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला याहून मोठा घाव बसला. तिथल्या व्हेलर्स संघाचे चिन्ह पीटर गुड या चित्रकाराने १९७९ मध्ये काढले होते. वर देवमाशाची शेपटी, खाली ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत आपोआप तयार झालेला ‘एच’. न काढता काढलेले अक्षर! आमच्या व्यवसायातल्या माणसाने टोपी काढावी असे काम. पण मालकाने संघच उचलून नॉर्थ कॅरोलायनाला नेला. १३ एप्रिल १९९७ ला हार्टफर्डमध्ये शेवटचा सामना झाला, तो संघाने जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून गावाला संघ उरला नाही. उरले ते चिन्ह. ते टोप्यांवर, सदऱ्यांवर, मोटारींच्या मागच्या काचांवर राहिले. पुढे २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या संघाने एका सामन्यात तीच हिरवी जर्सी घातली, तेव्हा कोणाचा ऊर भरून आला, तर कोणाला आपल्या मृताचे दागिने दुसऱ्याच्या अंगावर पाहिल्यासारखे वाटले. कागदोपत्री हक्क नव्या गावाच्या संघाकडे होते. पण मालकी आणि आपलेपणा या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे हार्टफर्डने जितके स्पष्ट दाखवले तितके कोणी दाखवले नसेल.

आता माझ्या बफेलोकडे येतो. नायगारा धबधबा बघायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांची गाडी बहुधा या गावावरून जाते, पण थांबते कोण? एकेकाळी हे मोठे धान्याचे बंदर होते. सरोवरांतून जहाजे यायची आणि प्रचंड कोठारांत धान्य उतरायचे. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीचा मोठा जलमार्ग खुला झाला आणि जहाजे बफेलोला वळसा घालून थेट समुद्राकडे जाऊ लागली. शेजारच्या लॅकवाना गावातला पोलादाचा अवाढव्य कारखाना १९८३ मध्ये पोलाद गाळायचा थांबला. १९५० मध्ये गावाची वस्ती ५ लाख ८० हजार होती, २०१० मध्ये ती २ लाख ६१ हजारांवर आली. गिरणगावाची वाताहत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या आकड्यांचा अर्थ समजावून सांगायला नको.

अशा गावात १९७० मध्ये हॉकीचा संघ आला. नाव ठरवायला लोकांची स्पर्धा घेतली आणि ‘सेबर्स’ हे नाव निवडले, म्हणजे तलवारी. चिन्हही तसेच. निळ्या-सोनेरी वर्तुळात झेप घेणारा पांढरा बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा अमेरिकेतला लांबचा भाऊबंद आणि खाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. कलेच्या दृष्टीने पाहिले तर हे चिन्ह फार थोर नाही. तपशील जास्त, बायसनच्या पायांची थोडी गर्दी. पण पाचव्याच वर्षी, १९७५ मध्ये, हा संघ अंतिम फेरीत गेला. मे महिन्याचा उकाडा, सभागृहात वातानुकूलन नाही, त्यामुळे बर्फावर इतके धुके साठले की खेळाडू दिसेनासे झाले. एक वटवाघूळही आत शिरले होते. तो सामना बफेलोने जिंकला, चषक मात्र फिलाडेल्फियाने नेला. त्या रात्रीच्या आठवणी सांगताना माणसे आजही सभागृहाच्या जुन्या नावाने हळवी होतात.

१९९६ मध्ये संघ जुने सभागृह सोडून नव्यात गेला आणि त्याच वेळी रंगही बदलले. काळा, लाल आणि रुपेरी. चिन्ह म्हणून बायसनचे रागावलेले मुंडके. लोकांनी त्याचे ‘बोकडाचे तोंड’ असे बारसे केले. १९९९ मध्ये या बोकडासह संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि पुन्हा हरला. ज्या गोलवर हरला, तो गोल नियमात बसत होता की नाही, यावर बफेलोत अजून वाद घालतात. २००३ च्या जानेवारीत संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला. संघ गाव सोडून जाणार, अशी भीती घरोघर होती. हार्टफर्डचे उदाहरण ताजेच होते. नवा मालक मिळाला आणि संघ राहिला.

आणि मग २००६ चा सप्टेंबर उजाडला. नव्या मोसमासाठी नवी जर्सी. जुने रंग काही प्रमाणात परत आले, गडद निळा आणि सोनेरी. पण चिन्ह! एक वळलेला आकार, पुढे शिंगे, मागे निमुळती शेपूट, पाय मुळीच नाहीत. बघता बघता त्याला ‘गोगलगाय’ हे नाव पडले. आपल्याकडे म्हण आहे, गोगलगाय आणि पोटात पाय. बफेलोच्या लोकांना पोटातही पाय सापडले नाहीत. चिन्ह बदला म्हणून सह्यांची मोहीम निघाली. पण खरी गोष्ट त्यापुढे घडली. नुसती कुरकुर करून न थांबता लोक स्वतः चिन्हे काढू लागले. जुना बायसन घेऊन कोणी त्याचे पाय नीट केले, कोणी तलवारी जाड केल्या, कोणी निळा रंग अर्धी छटा उजळ केला.

मीही त्यातलाच. माझे पहिले रेखाटन अगदी आधुनिक होते. बायसनची चार रेषांत बसवलेली आकृती, तलवारी काढून टाकलेल्या. तिकिटाच्या कसोटीला ते छान उतरत होते. ते मी छापखान्यातल्या एका सहकाऱ्याला दाखवले. त्याचे वडील लॅकवानाच्या कारखान्यात भट्टीवर होते. तो बराच वेळ कागद हातात धरून बसला. मग म्हणाला, “काम चांगलं आहे. कुठल्याही गावाला चालेल.” एवढेच बोलून त्याने कागद परत दिला. माझ्या उभ्या कारकिर्दीत मला मिळालेला तो सर्वांत नेमका अभिप्राय होता.

मी त्याला विचारले, मग काय ठेवायला हवे? त्याने सांगितलेली यादी मी लिहून घेतली होती. निळा हवा, पण समुद्राचा गडद नव्हे, पूर्वीचा उजळ निळा. बायसन धावता हवा, नुसते मुंडके नको. तलवारी हव्यातच, कारण संघाचे नावच तलवारीवरून आहे. आणि वर्तुळ हवे. वर्तुळ का, याला त्याच्याकडे कारण नव्हते. वडिलांबरोबर पाहिलेल्या पहिल्या सामन्यात ते होते, इतकेच. चित्रकाराच्या नजरेला जे अडगळ वाटत होते, ते त्याच्या दृष्टीने घराचे खांब होते. नंतर इतरांची रेखाटने मी या नजरेने पाहिली तेव्हा ध्यानात आले, की बहुतेकांचे हात त्या चारच गोष्टींकडे वळत होते. एकमेकांना न भेटलेली, न बोललेली माणसे जणू एकच चित्र काढत होती.

विशेष म्हणजे त्या मोसमात संघ खराब खेळला असे नाही. पहिले दहाच्या दहा सामने जिंकले आणि साखळीत सर्वाधिक गुणांचा मानही मिळवला. तरी गोगलगाय कोणाच्या मनात बसली नाही. म्हणजे लोकांचा राग पराभवाचा नव्हता. कारखाना गेला, वस्ती गेली, जुने सभागृह रिकामे पडले, पुढे २००९ पर्यंत तेही पाडून झाले. ज्या गावाचे इतके काही बदलले, त्याला निदान छातीवरचे चित्र तरी ओळखीचे हवे होते.

ते परत आले, पण हप्त्याहप्त्याने. २००८ मध्ये पर्यायी जर्सीवर जुन्या धर्तीचे वर्तुळ आले. २०१० मध्ये, संघाच्या चाळिसाव्या मोसमात, गोगलगाय कायमची निवृत्त झाली. रंग मात्र गडदच राहिला. उजळ निळा परत यायला २०२० साल उजाडले. सहकाऱ्याच्या यादीतली चारही कलमे पुरी व्हायला चौदा वर्षे लागली.

या गोष्टीला एक शेपूट आहे. २०२२ मध्ये बफेलोने काळ्या जर्सीवरचे ते ‘बोकडाचे तोंड’ही पर्यायी वेश म्हणून परत आणले आणि लोकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. त्याच वर्षी लाँग आयलंडचा कोळीही एका खास जर्सीवर अवतरला. ज्यांची एकेकाळी टर उडवली, त्यांचेच कौतुक? याचे उत्तर अवघड नाही. १९९९ मध्ये जी मुले दहा वर्षांची होती, त्यांच्या बालपणाचे चिन्ह तेच. बोकडाचे असो की बायसनचे, पहिला सामना ज्याच्यासोबत पाहिला ते आपले. म्हणून ‘खरे’ चिन्ह कोणते, हा वाद पिढ्यांचा असतो, आणि चाहत्याने पेन्सिल उचलताना ‘माझ्या लहानपणीचे’ आणि ‘गावाचे’ यांतला फरक ओळखावा लागतो.

अशा रेखाटनाचे पुढे काही होते का? क्वचित होते. कॅनडाच्या राजधानीतला ओटावा सेनेटर्स हा संघ. या नावाचा जुना संघ १९३४ मध्ये ओटावातून गेला. त्याच्या जर्सीवर काळे, लाल आणि पांढरे आडवे पट्टे असत, न्हाव्याच्या दुकानासमोरच्या खांबासारखे. नदीपलीकडच्या गॅटिनो गावातल्या एका तरुण चाहत्याने त्या पट्ट्यांवरून नव्या संघासाठी एक जर्सी काढली, साधा ‘ओ’ छातीवर ठेवून. संघाच्या व्यवस्थापनाने त्याला सोबत घेतले आणि २०११ मध्ये तीच कल्पना प्रत्यक्ष बर्फावर उतरली. ती गाजली कारण त्या मुलाने नवे काही शोधले नव्हते. गावाच्या ट्रंकेत पडलेले जुने वस्त्र त्याने झटकून बाहेर काढले होते.

इथपर्यंत मी चाहत्यांच्या बाजूने बोललो. पण आपलेपणा हा शेवटचा निवाडा नव्हे. शिकागोच्या संघाचे नाव ब्लॅकहॉक्स. १९२६ मध्ये पहिल्या मालकाने ते आपल्या महायुद्धातल्या पलटणीवरून घेतले आणि त्या पलटणीचे नाव सॉक जमातीच्या ब्लॅक हॉक या आदिवासी नेत्यावरून होते. छातीवरचे चित्र मालकाची पत्नी, प्रसिद्ध नर्तकी आयरीन कॅसल, हिने काढल्याचे सांगतात. आदिवासी माणसाचे मुख, केसांत पिसे. चित्र म्हणून ते देखणे आहे आणि लाखो चाहत्यांचा त्याच्यावर जीव आहे. पण ज्यांचा चेहरा त्यावर आहे, त्यांच्यातल्या अनेकांना आपण कोणाच्या तरी छातीवरचे चित्र होऊन राहावे, हे खुपते. २०२० मध्ये संघाने प्रेक्षकांना पिसांचे मुकुट घालून सभागृहात यायला बंदी केली, चिन्ह मात्र ठेवले. काही चाहत्यांनी माणसाऐवजी ससाणा घेऊन नवी चिन्हे काढून दाखवली. इथे चाहत्याची पेन्सिल जुने परत मागत नाही. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीने दुसऱ्या कोणाला दुखते आहे का, असे ती विचारते. हे काम जास्त कठीण आहे आणि मला ते जास्त मोलाचे वाटते.

एक चिन्ह बोकडाचे, एक देवमाशाचे, एक माणसाचे. नोंदणीच्या कागदावर ही सगळी मालकांची. तो कागद खरा आहे आणि तो कोणी नाकारत नाही. पण वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेला पहिला सामना कोणत्या कार्यालयात नोंदवायचा? चाहता जेव्हा जर्सी नव्याने काढतो तेव्हा तो ती नोंद करत असतो. म्हणून हा छंद असलेले कोणी तरुण भेटले, तर मी त्यांना रंगांविषयी शेवटी सांगतो. आधी म्हणतो, गावात जा, वरच्या रांगेत बसणाऱ्या चार म्हाताऱ्यांना विचारा की यातले काय काढले तर तुम्हाला करमणार नाही. ज्यांचे चित्र तुम्ही काढता आहात, त्यांनाही विचारा. मग पेन्सिलीला टोक करा.